गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांमध्ये नेमके काय केले?

वीटभट्टी मजुरांमध्ये नुकतेच काम सुरू केलेल्या एका कार्यकर्तीने विचारले आहे की, गोदावरी परुळेकर यांचे नाव सगळीकडे ‘वारल्यांच्या उठावाच्या नेत्या’ एवढ्या एकाच ओळीत येते. मग त्यांनी तेथे प्रत्यक्ष काय केले, तो लढा कशाच्या बळावर टिकला आणि आज असंघटित मजुरांत काम करणाऱ्याला त्यातले काय उपयोगी पडते? ठाणे-पालघर पट्ट्यात थकलेल्या मजुरीचे आणि वेठीच्या प्रकरणांचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ इतिहासाचा नाही. माझ्या समजुतीप्रमाणे गोदावरीबाईंचे मोठेपण त्यांच्या धाडसापेक्षाही एका वेगळ्या गोष्टीत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान आणि उपासमार त्यांनी मोजता येतील अशा मागण्यांत उतरवली, आणि त्या मागण्या अमलात आणण्याचे काम स्वतःकडे न ठेवता वारल्यांच्याच हाती सोपवले. पुढे जे काही घडले, ते या दोन गोष्टींमुळे घडले.

त्यांचा जन्म १९०७ मध्ये पुण्यातील सुशिक्षित गोखले कुटुंबात झाला. वडील वकील होते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी पुढे कायद्याची पदवी मिळवली. महाराष्ट्रात ही पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. सविनय कायदेभंगाच्या काळात त्या तुरुंगात गेल्या, घरच्यांना ते रुचले नाही, आणि त्या मुंबईस आल्या. तेथे भारत सेवक समाजाने त्यांना आजीव सदस्यत्व दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेचे काम केले आणि तीसच्या दशकाच्या अखेरीस घरकामगारांची संघटना बांधली. चरित्र सांगताना हा भाग बहुतेक जण घाईने ओलांडतात, तसे करू नये असे मला वाटते. घरकामगाराला ना कारखान्याचे फाटक असते, ना हजेरीपट, ना शेजारी उभा असलेला सहकारी. मालक आणि नोकर एकाच छपराखाली असतात, आणि मजुरीइतकाच बोलण्या-वागवण्याचा प्रश्नही तेथे तीव्र असतो. विखुरलेल्या, मालकाच्या दारात एकट्या पडलेल्या माणसांना एकत्र कसे आणावे याचा अनुभव त्यांनी मुंबईत घेतला आणि काही वर्षांनी तोच डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर त्यांच्या कामी आला. १९३९ मध्ये त्यांनी शामराव परुळेकर यांच्याशी विवाह केला. शामराव त्याआधी डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले होते आणि कोकणातील खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीविरुद्धच्या लढ्यात पुढे होते. दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले, युद्धविरोधी प्रचाराबद्दल तुरुंगवास भोगून बाहेर आले आणि किसान सभा या शेतकऱ्यांच्या संघटनेच्या कामाला लागले.

आता ठाणे जिल्ह्याचे त्या वेळचे चित्र पाहू. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारली एके काळी स्वतःच्या जमिनी कसत होते. सावकारी, दारूचा मक्ता आणि जंगलाचे कायदे या तिन्हींच्या रेट्यात त्या जमिनी गेल्या आणि मूळ कसणारेच आपल्या जमिनीवर कुळे झाले. जमीनदाराच्या खासगी शेतावर ठरावीक दिवस फुकट राबणे ही वेठ. त्याचा निरोप आला की घरची पेरणी अर्धवट टाकून जावे लागे, आणि न गेल्यास मारहाण ठरलेली असे. ही माहिती आंदोलकांच्याच लेखनात आहे असे कोणी समजू नये. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला १९३९ मध्ये दिलेल्या अहवालात वेठीचे आणि जुलमाचे वर्णन सरकारी भाषेत नोंदवलेले आहे. सरकारला सारे ठाऊक होते. अहवाल दप्तरात राहिला.

वेठीपेक्षा भयंकर प्रकार लग्नगड्यांचा होता. वारल्याला लग्नासाठी थोडे पैसे लागत आणि ते जमीनदाराकडूनच मिळत. त्या बदल्यात तो आणि त्याची बायको दोघेही जमीनदाराचे गडी होत. हिशेब जमीनदाराच्या वहीत, व्याज त्याच्या मनात, आणि कर्ज फिटल्याचे सांगणारा कोणीच नाही. म्हणून लग्नाला घेतलेले कर्ज आयुष्यभर फिटत नसे. घरात आलेल्या सुनेवरही मालकाचा हक्क समजला जाई, आणि तो हक्क केवळ कामापुरता नसे. सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही मला हे लिहिताना संताप आवरत नाही, कारण उचल देऊन जोडप्याला बांधून घेण्याची रीत आजच्या भट्ट्यांवर मी पाहिली आहे.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातून काही वारली तेथे आले होते आणि त्यांच्यापैकी माह्या धांगडा यांनी उभे राहून आपल्या भागातील हकीकत सांगितली. त्यानंतर परुळेकर दांपत्य त्या भागात गेले. गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, वारल्यांच्याच झोपड्यांत राहिल्या, त्यांचेच अन्न खाल्ले आणि त्यांची बोली शिकल्या. शहरी पांढरपेशा माणूस दिसला की वारली रानात पळत, इतकी पोलीस, जंगल खाते आणि सावकार यांची दहशत बसलेली होती; त्यामुळे विश्वास मिळवायलाच त्यांना वेळ द्यावा लागला. पुढे आदिवासी त्यांना गोदूताई म्हणू लागले, ते या दिवसांच्या कमाईवर.

मे १९४५ मध्ये झरी गावी सभा झाली. तिला हजारो वारली आले. या सभेतील निर्णय मुद्दाम बारकाईने पाहावेत असे आहेत. जमीनदाराच्या खासगी जमिनीवर फुकट राबायचे नाही. बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. जमीनदाराने हात उगारला तर मुकाट सोसायचे नाही. आणि सगळ्यांनी एकीने राहायचे. एवढेच. जमिनीचे फेरवाटप, सावकारी नष्ट करणे, जंगलावरील मालकी हे सगळे प्रश्न किसान सभेच्या कार्यक्रमात होते आणि वारल्यांच्या मनातही होते. पण झरीच्या सभेने वारल्यांना जे सांगितले ते उद्या सकाळी प्रत्येकाला आपापल्या पाड्यावर करता येण्याजोगे होते. ‘न्याय द्या’ अशी मागणी केली की ती पूर्ण झाली की नाही हे मालक ठरवतो. ‘बारा आणे’ म्हटले की ते हातात पडले की नाही हे निरक्षर मजुरालाही कळते, आणि शेजारच्या पाड्यावरच्या मजुरालाही विचारून पडताळता येते. शिवाय वेठ बंद करण्यासाठी कोणाच्या सहीची गरज नव्हती. सगळ्यांनी मिळून जायचे नाही, एवढे पुरेसे होते. थोड्याच आठवड्यांत उंबरगाव तालुक्यातील वेठ प्रत्यक्षात मोडली. तिचे लोण डहाणूत पोचले आणि तेथे वारल्यांचे जथे जमीनदारांच्या वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना सोडवून आणू लागले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाड्याच्या अंगणात मान खाली घालून उभे राहायचे, तेथून आपली माणसे उघडपणे बाहेर आणणे ही त्या लोकांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट असेल, याचा अंदाज कोणत्याही निकालपत्रावरून करता येत नाही.

यानंतर आला गवताचा संप. हा टप्पा मला सर्वांत शिकवण देणारा वाटतो. या भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि त्यावर जमीनदार व व्यापारी मोठा नफा मिळवत. पाऊस सरला की गवत ठरावीक आठवड्यांत कापावे लागते. उशीर झाला तर ते वाळून निकामी होते आणि वणव्याचीही भीती असते. म्हणजे मजुराच्या हाती मालकाला अडवण्याचे बळ वर्षातून एकदाच आणि थोडे दिवसच येते. किसान सभेने त्याच वेळी, १९४५ च्या ऑक्टोबरात, पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये असा दर मागितला. या मागणीत ‘पाचशे पौंड’ हे शब्द ‘अडीच रुपये’ या शब्दांइतकेच महत्त्वाचे आहेत. अंगावर काम, म्हणजे केलेल्या मापावर मजुरी, दिले जाते तेथे मालक दर वाढवून देतो आणि माप वाढवून तो परत काढून घेतो. आजही भट्टीवर हजार विटांचा दर ठरतो, पण फुटीच्या नावाखाली चांगल्या विटा मोजणीतून वगळल्या जातात, पावसात भिजलेला थर मजुराच्या अंगावर टाकला जातो, आणि हंगाम संपताना ठरलेला दर कागदावर तसाच राहून मजुराच्या हातात कमी पैसे येतात. दर आणि माप एकाच मागणीत बांधले की ही पळवाट बंद होते. चळवळीत नव्याने येणारे लोक दरावर फार बोलतात आणि मापाकडे त्यांचे लक्ष नसते. ज्यांनी मजुरांबरोबर बसून हिशेब केले आहेत, त्यांच्याच मागण्यांत माप येते.

संप मोडण्यासाठी जमीनदारांनी जो डाव टाकला तो नीच होता. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या, असा निरोप पाड्यापाड्यांवर पसरवण्यात आला. आणि दुसरीकडे वारली जमून हल्ला करणार आहेत, अशी खबर पोलिसांना देण्यात आली. हजारो वारली जमले. गोदावरीबाई तेथे नव्हत्या, सभा ठरलेलीच नव्हती. पोलिसांनी रात्री गोळीबार केला, तरी लोक हटले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही गोळ्या झाडल्या गेल्या. जेठ्या गांगड आणि त्यांच्यासह आणखी चौघे मारले गेले. त्या भागात १० ऑक्टोबरला हुतात्म्यांना मानवंदना देण्याची रीत आजपर्यंत चालत आली आहे.

गोळीबारापाठोपाठ सभाबंदी आली आणि परुळेकर दांपत्यासह कार्यकर्त्यांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. सरकारचा आणि जमीनदारांचा अंदाज सरळ होता: बाहेरून आलेली बाई गेली की वारली कामावर येतील. वारली कामावर गेले नाहीत. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, ज्यांच्याकडे धान्याचा साठा नव्हता, ज्यांची माणसे नुकतीच गोळ्यांना बळी पडली होती, त्यांनी पाड्यापाड्यांवर आपापसात निरोप पोचवून संप चालू ठेवला आणि अडीच रुपयांचा दर मिळवला. एखाद्या नेत्याचे काम कसे होते हे तो नसताना कळते, आणि गोदावरीबाईंच्या बाबतीत ही परीक्षा सरकारनेच घेतली. त्यांच्याविषयी जे शेकडो गौरवाचे शब्द लिहिले गेले आहेत त्या सर्वांपेक्षा ही एक घटना मला अधिक बोलकी वाटते.

पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलतोडीच्या कामासाठी दिवसाला किमान सव्वा रुपया मजुरी मागून संप झाला, आणि लाकूड व्यापाऱ्यांना बोलणी करावी लागली. तोवर मुंबईत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले होते. खेर यांना आदिवासींविषयी आस्था नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी स्वतः ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाचे काम उभे केले होते. तरीही त्यांच्याच सरकारच्या काळात परुळेकरांना पुन्हा हद्दपार केले गेले आणि १९४७ च्या जानेवारीत नानिवलीला पोलिसांच्या गोळीबारात पुन्हा आदिवासी मेले. सेवा स्वीकारणारा आदिवासी सरकारला चालत होता, दर ठरवणारा चालत नव्हता. हा फरक आजही प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत अनुभवाला येतो. मजुरांना वह्या आणि ब्लँकेटे वाटणाऱ्या संस्थेला चहा मिळतो. त्याच मजुरांचा हजेरीचा हिशेब घेऊन गेलेल्या संघटनेला शांतताभंगाची नोटीस मिळते.

त्यांच्या पुढच्या आयुष्याविषयी थोडक्यात सांगते. बराच काळ ठाणे जिल्ह्याच्या हद्दीबाहेर आणि वर्षानुवर्षे तुरुंगात काढूनही त्यांनी हा भाग सोडला नाही. साठच्या दशकात दोघेही स्थानबद्ध असताना १९६५ मध्ये शामरावांचे निधन झाले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे वारली लढ्यावरील पुस्तक १९७० मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते आत्मचरित्र म्हणून वाचले जाते, पण मी ते कामाचे पुस्तक म्हणून वाचते: अनोळखी पाड्यावर पहिल्यांदा जाताना काय होते, भ्यालेला माणूस कशाने बोलू लागतो, जमीनदार कोणकोणत्या युक्त्या करतो, याची इतकी बारीक नोंद मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या आणि ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

वारशाविषयी लिहिताना मर्यादाही लिहिल्या पाहिजेत. वेठ मोडली, मजुरी वाढली, परंतु जमिनीचा प्रश्न त्या वेगाने सुटला नाही. कुळकायदा झाला, कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात आले, तरी अनेक वारल्यांची नावे सातबाऱ्यावर लागलीच नाहीत, आणि वनजमिनीचे दावे २००६ च्या वनाधिकार कायद्यानंतरही रेंगाळत राहिले. जेथे संघटना पोचली तेथे वेठ संपली. जेथे पोचली नाही तेथे ती वेगळ्या नावाने टिकली. केंद्राने १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा केला, तरी ऐंशीच्या दशकात त्याच ठाणे जिल्ह्यातील वसई तालुक्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगार मजूर सोडवण्यापासूनच सुरुवात करावी लागली. शिवाय या लढ्यातील वारली स्त्रियांची नावे आपल्यापर्यंत फार थोडी पोचली आहेत. वेठीचा सर्वांत कठोर भाग त्यांनी सोसला, संपाच्या दिवसांत रानातला कंद आणि भाजीपाला आणून घरे त्यांनी जगवली, आणि इतिहासात मात्र त्या जमाव म्हणूनच उरल्या. या लढ्याच्या तलासरी भागात म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम अजून कोणाला करता आले तर त्याने ते लवकर करावे.

तरी जे उरले तेही थोडे नाही. तलासरीत परुळेकर दांपत्याच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि जमीनदारापुढे उभे राहण्याची ज्यांना मनाई होती त्यांची नातवंडे तेथे पदवी घेतात. सोलापूरजवळ कुंभारी येथे बिडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची जी सहकारी वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. बिडी वळणारी बाई हजार बिड्यांच्या दरावर जगते आणि तिच्याही मालातील बिड्या खराब म्हणून काढल्या जातात. तिच्या वसाहतीला हे नाव द्यावेसे वाटणे मला फार योग्य वाटते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात आदिवासींची संख्या मोठी होती, वनजमिनीचे दावे ही त्यांची मुख्य मागणी होती, आणि तो मोर्चा गोदावरीबाईंच्याच किसान सभेने काढला होता. मुंबईतल्या ज्या घरकामगारांपासून त्यांनी आपले काम सुरू केले, त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा मात्र महाराष्ट्रात २००८ पर्यंत झाला नाही, आणि तो झाल्यानंतरही त्यांची मजुरी ठरवण्याचा प्रश्न तसाच आहे.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे भट्टीवर यातले काय वापरायचे. गोदावरीबाईंकडे नव्हता असा कायदा आज तुमच्या हाती आहे. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठीला मनाई केली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केले. १९७६ च्या कायद्याप्रमाणे वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, आणि दिलेली उचल वेठीचे कर्ज नव्हते हे सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर असतो. म्हणून ‘बयाणा घेतला आहे, आता फिटेपर्यंत जाता येणार नाही’ हे भट्टीमालकाचे वाक्य ऐकून गप्प बसू नका. त्या वाक्याचा साक्षीदार आणि तारीख टिपून घ्या, कारण जिल्हाधिकाऱ्यांपुढे तेच वाक्य पुरावा होते.

परंतु अर्ज करण्याआधी पाड्यावर बसा. दिवाळीनंतर टेम्पो भरून कुटुंबे भट्टीवर जातात, त्याच्या आधीच्या महिन्यात बयाणा दिला जातो, आणि मालकाला मजूर हवे असतात ते तेव्हा. गवताच्या संपाची जी वेळ ऑक्टोबरातली होती, तशी तुमची वेळ ही आहे. हंगामाच्या शेवटी, भट्टी विझल्यावर, मजुराच्या हातात काहीच उरत नाही. त्या महिन्यात एकाच गावच्या सगळ्या कुटुंबांनी मिळून हजार विटांचा दर, मोजणी कोणासमोर करायची, फुटीची कमाल मर्यादा आणि भिजलेल्या मालाचे नुकसान कोणाचे, या चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. बयाण्याची रक्कम जोडप्यातील दोघांच्या देखत वहीत लिहावी. स्त्रीची मजुरी तिच्या नावाने वेगळी मांडावी. ती नवऱ्याच्या हिशेबात मिसळली की लग्नगड्याच्या बायकोसारखी ती फुकट राबते. मोजणीची वही कार्यकर्त्याने ठेवू नये. पाड्यावरची जी मुलगी सातवी-आठवी शिकली असेल तिच्याकडे ती द्यावी, आणि दर आठवड्याला तिने ती सगळ्यांपुढे वाचून दाखवावी. पहिले काही आठवडे चुका होतील, भांडणे होतील, आणि वही आपल्याकडे घेण्याचा तुम्हाला मोह होईल. ती घेऊ नका.